टॉरवाल्यांना कोण अडवते? दोन याद्यांची पार्श्वभूमी

टॉर या ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या जाळ्यातून एखादे संकेतस्थळ उघडायला जावे, तर कधी ‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी दिसते, कधी चित्रांतले सिग्नल शोधायला लावणारा कॅप्चा येतो, तर कधी पान नुसतेच फिरत राहते. टॉर वापरणाऱ्यांना याची सवय झालेली असते. पण असे अडवणारी संकेतस्थळे किती आणि कोणती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उलट, टॉरमधली माणसे कोणत्या आयपी पत्त्यांवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकांच्या क्रमांकांवरून) बाहेर पडतात, हे कोणालाही मिनिटभरात कळते. दोन याद्या त्या याच: एक अडवणाऱ्यांची, दुसरी या पत्त्यांची.

टॉरच्या मुळाशी असलेली ओनियन राउटिंगची, म्हणजे मागणी कूटबद्ध थरांत गुंडाळून टप्प्याटप्प्याने पाठवण्याची कल्पना 1990 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. टॉर 2002 मध्ये चालू झाले आणि 2003 मध्ये त्याचा कोड खुला झाला. त्यात पान उघडण्याची मागणी साधारणपणे तीन रिलेंमधून, म्हणजे ती पुढे सरकवणाऱ्या संगणकांमधून जाते आणि संकेतस्थळाला फक्त शेवटच्या, म्हणजे एक्झिट रिलेचा पत्ता दिसतो. मार्ग आखायचा तर वापरणाऱ्याच्या संगणकाला सगळे रिले ठाऊक हवेत, म्हणून त्यांची यादी दर तासाला नव्याने जाहीर होते. टॉरच्या कर्त्यांनी याच्याही पुढे जाऊन, एखादा पत्ता एक्झिटचा आहे की नाही हे तपासायची सोयही स्वतःच पुरवली. निनावी लोकांना आत घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका प्रामाणिक होती, पण महागात पडली.

आधी आयआरसीवरच्या गप्पांच्या जाळ्यांनी आणि विकिपीडियाने टॉरला आवर घातला. विकिपीडियाने निदान फरक तरी केला: वाचायला मोकळीक, संपादनाला बंदी. पुढे हा निर्णय संकेतस्थळाच्या मालकाच्याही हातात उरला नाही. आयपी पत्त्यांची पत ठरवणाऱ्या सेवा आणि हजारो संकेतस्थळांच्या पुढ्यात उभ्या असलेल्या कंपन्या तो परस्पर घेऊ लागल्या. एका एक्झिटमागे असंख्य माणसे असतात. त्यांतल्या एकाने स्पॅम टाकला की डाग त्या पत्त्याला लागतो आणि उरलेले सगळे दारातच अडकतात.

हा वाद उघडपणे पेटला 2016 मध्ये. टॉरवरून येणाऱ्या 94 टक्के मागण्या उपद्रवी असतात, असे अशाच एका कंपनीचे, क्लाउडफ्लेअरचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी लिहिले. हा आकडा कसा काढला, असा प्रतिप्रश्न टॉर सांभाळणाऱ्या टॉर प्रोजेक्ट या संस्थेने लगेच केला. प्रश्न रास्त होता, कारण वर्षभरापूर्वीच अकामाई या तशाच दुसऱ्या कंपनीने मोजलेले चित्र पार निराळे होते: टॉरवरच्या 380 मागण्यांत एक घातक, तर टॉरबाहेरच्या 11,500 मागण्यांत एक. म्हणजे टॉरवर उपद्रव बराच जास्त, हे अकामाईलाही मान्य. पण 380 त एक कुठे आणि शंभरात 94 कुठे! शिवाय खरेदीशी संबंधित पानांपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले.

अडवणाऱ्यांची यादी करायचे काम मात्र हौशी हातांवर राहिले. टॉरच्या स्वयंसेवकांनी विकीवर वर्षानुवर्षे अशा सेवांची नोंद ठेवली. कोणीतरी अडले की एक ओळ वाढायची. दार पुन्हा उघडले तर ती ओळ खोडायला कोणी फिरकेलच असे नाही. शिवाय ‘अडवणे’ म्हणजे नक्की काय? सर्व्हरकडून सरळ 403, म्हणजे प्रवेशबंदीचा संकेत मिळाला तर सोपे. पण कुठे जोडणीच होत नाही. कुठे सर्व्हर सगळे आलबेल असल्याचा 200 देतो आणि पानावर मात्र नकार असतो. कुठे मुखपृष्ठ उघडते, पण शोध किंवा लॉगिन चालत नाही. त्यात एका एक्झिटवरून अडलेले पान दुसऱ्यावरून बिनबोभाट उघडते, तेव्हा दोन माणसांच्या परस्परविरोधी नोंदी दोन्ही खऱ्या असू शकतात.

म्हणून 2016 मध्ये संशोधकांनी हे पद्धतशीरपणे मोजले. अलेक्सा या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळांच्या क्रमवारीतल्या पहिल्या 1,000 संकेतस्थळांपैकी किमान 3.67 टक्के संकेतस्थळे टॉरला अडवताना सापडली. किमान 13 लाख आयपी पत्ते तर एक्झिटशी जोडणीच नाकारत होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने पहिली 500 संकेतस्थळे तपासली, तेव्हा भेदभावाचे प्रमाण सुमारे 20 टक्के निघाले. शोध आणि लॉगिन करून पाहिल्यावर ते आणखी वाढले. एका वर्षात जग इतके बदलले असे नव्हे. यादी वेगळी, कसोटी वेगळी, म्हणून आकडाही वेगळा. माझ्या मते या दुसऱ्या अभ्यासातली जास्त बोलकी गोष्ट निराळीच आहे. काही काळ्या याद्या एक्झिटने काही आगळीक करण्याची वाटही पाहत नाहीत. तो टॉरचा आहे एवढ्यावरच त्याला यादीत टाकतात. तिथे टॉरने स्वतः जाहीर केलेली यादीच कामी येते.

काही जण तर टॉरचे सगळेच रिले सरसकट अडवतात. मग घरच्या जोडणीवर नुसता मधला रिले चालवणाऱ्यालाही त्याचा फटका बसतो, जरी त्याच्या पत्त्यावरून टॉरची एकही मागणी कुठल्या संकेतस्थळाकडे जात नसली तरी. अडवणाऱ्यांच्या नोंदींत ही माणसे सहसा सापडत नाहीत, कारण अडले तेव्हा ती टॉर वापरतच नव्हती.