वाटी उचलून ठेवा : घरात कंटाळणाऱ्या कुत्र्यासाठी

जूनमध्ये पाऊस लागला की आमचा फोन जास्त वाजू लागतो. सोफ्याचा कोपरा फाडला. दिवसभर भुंकतो म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली. शेपटीमागे गोल गोल फिरतोय. आणि पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "संध्याकाळचा वॉक तासाभराचा करता येईल का?"

कुत्री फिरवणं आणि तुम्ही गावाला गेल्यावर ती सांभाळणं हाच आमचा व्यवसाय. तेव्हा 'हो' म्हणणं आमच्या सोयीचं. तरीही आम्ही आधी एक दुसरी गोष्ट करून बघायला सांगतो. ती दारात उभ्या उभ्या नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

दमवल्याने काय होतं

तरुण लॅब्रॅडॉरला रोज अर्धा तास पळवलंत तर पहिले काही दिवस तो घरी येऊन गाढ झोपतो. मग त्याचा दम वाढतो. अर्ध्या तासाने भागेनासं होतं, तुम्ही पाऊण तास पळवता, आणि काही आठवड्यांनी घरात एक उत्तम कमावलेला खेळाडू असतो, ज्याला अजूनही दुपारी करायला काहीच नसतं. चेंडूचंही तसंच. शंभर वेळा चेंडू फेकला की कुत्रा थकतो, पण डोकं तापलेलंच राहतं. घरी आल्यावरही तो धापा टाकत चेंडू शोधत फिरतो. शिवाय झपकन वळून थांबण्याचा भार सांध्यांवर पडतो, आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचं दुखणं मुळातच जास्त आढळतं.

व्यायाम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण फ्लॅटमधल्या बहुतेक कुत्र्यांना कमी पडतं ते डोक्याला काम. आणि कुत्र्याचं डोकं चालतं ते नाकाने.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा-बारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून निघून जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही आणि हुंगणं अखंड चालू राहतं. एवढी यंत्रणा घेऊन जन्मलेला प्राणी आपण आठशे चौरस फुटांत ठेवतो, जिथल्या प्रत्येक फरशीचा वास त्याला पाठ आहे. वर फिनाईलने पुसूनही टाकतो.

शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेत खाऊ शोधायला दिला, काहींकडून तेवढेच दिवस मालकाच्या पायाला लागून चालण्याचा सराव करून घेतला. आधी आणि नंतर त्यांच्यासमोर अशा जागी वाडगा ठेवला, की त्यात खाऊ असेल की नसेल हे त्यांना ठरवता येऊ नये. शोधण्याचं काम मिळालेली कुत्री नंतर त्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. दुसऱ्या गटात तसा फरक पडला नाही. म्हणजे नाकाला काम मिळालेल्या कुत्र्यांनी 'असेल काहीतरी' असं धरून पाऊल टाकलं. आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांत आम्ही हेच बघतो, फक्त ते मोजलेलं नसतं.

वाटी उचलून ठेवा

भरल्या वाटीतलं खाणं दीड-दोन मिनिटांत संपतं. तेच खाणं शोधून खायला दिलंत तर पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि त्यानंतरची झोप वेगळीच असते. वेगळा खाऊ आणायची गरज नाही. रोजच्या मापातलंच द्या, वरून नको, नाहीतर दोन महिन्यांत वजनाचा प्रश्न घेऊन आमच्याकडे याल.

सुरुवात अगदी सोपी करा. पहिल्या दिवशी त्याच्या रोजच्या कोरड्या खाण्याचे दाणे त्याच्या डोळ्यांदेखत चटईवर पसरा आणि 'शोध' म्हणा. दोन-तीन दिवसांनी त्याला आत बसवून पसरा. मग चिंध्यांचं जाडसर पायपुसणं घ्या आणि त्याच्या घड्यांत दाणे खुपसा. बाजारात यासाठीच 'स्नफल मॅट' मिळते, पण पायपुसणं तेच काम करतं आणि धुवायला सोपं. त्यानंतर जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे टाका, गुंडाळी करा आणि ती त्याच्यापुढे ठेवा. नाकाने ढकलत उलगडायची असते हे बहुतेकांना पहिल्याच दिवशी कळतं. कळलं की गुंडाळीला एक सैल गाठ मारा.

ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके फेकू नका. चिकटपट्टी आणि पिना काढा, आत चुरगळलेले कागद आणि दाणे टाका. तो खोका फाडेल, घरभर कपटे होतील. होऊ द्या. फाडणं ही कुत्र्याची भूक आहे. खोक्यावर भागली की सोफ्यावर निघत नाही. फक्त पुठ्ठा गिळत नाही ना, एवढं पहिल्या काही वेळी शेजारी बसून बघा. गिळणारा असेल तर त्याच्यासाठी हा खेळ बाद.

आमचं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे जुनं बिडाचं आप्पेपात्र. जड असल्यामुळे ओढून नेता येत नाही आणि प्रत्येक खळग्यात जीभ वेगळी वळवावी लागते. त्यात बिनमिठाचा दहीभात, कुस्करलेला तांबडा भोपळा किंवा भिजवलेले दाणे थापून लगेच समोर ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेल्या धातूला ओली जीभ चिकटते. खरवडलेलं नॉनस्टिकही नको. आमच्याकडे दर शनिवारी येणारी एक बीगल हे भांडं दिसलं की आपणहून जाऊन तिच्या कोपऱ्यात बसते. घरी हीच बीगल तीन वर्षं वाटीसमोर उड्या मारत भुंकत होती.

गोठवून द्यायचं असेल तर पोकळ रबरी खेळणं घ्या. त्याचा जन्मही एका वैतागलेल्या मालकाच्या घरात झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हरला राहणाऱ्या जो मार्कहॅमचा जर्मन शेफर्ड, फ्रिट्झ, दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी सुटा भाग त्याला दगडापेक्षा जास्त आवडला, आणि त्यावरून आज सगळीकडे मिळणारा 'काँग' आला. आकार निवडताना एकच बघा : खेळणं त्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये.

घरात दोन कुत्री असतील तर हे सगळं वेगवेगळ्या खोल्यांत. खाताना कोणी जवळ गेलं की गुरगुरत असेल, तर मुलांना लांब ठेवा आणि आम्हाला आधी सांगा. त्याच्या तोंडातून हिसकावून 'सवय लावू' असं अजिबात करू नका. त्याने फक्त त्याची भीती वाढते.

फिरायला नेता, तेव्हा त्याला वाचू द्या

"हा चालतच नाही, प्रत्येक खांबाशी थांबतो." थांबू द्या. त्या खांबावर सकाळपासून कोण येऊन गेलं, ते त्याला वासाने कळतं. आपल्याला वर्तमानपत्र हातात देऊन दर ओळीनंतर कोणी ओढून घेतलं तर कसं वाटेल?

रोजच्या दोन वॉकपैकी एक त्याचा ठेवा. वीस मिनिटं, छातीचा हार्नेस, तीन ते पाच मीटरचा पट्टा आणि मोबाइल खिशात. कुठे वळायचं ते रस्त्याकडे लक्ष ठेवून तुम्ही ठरवा, किती वेळ हुंगायचं ते त्याने. आठवड्यातून दोनदा रस्ता बदला, शेजारची गल्लीही पुरते. पुण्यातल्या तळजाई किंवा वेताळ टेकडीवर न्यायचं असेल तर तिथे मोर आहेत आणि स्वतःचा इलाका सांभाळणारी भटकी कुत्रीही आहेत, तेव्हा पट्टा सोडू नका.

एप्रिल-मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. पग, शिह-त्झू यांची नाकं आखूड, त्यांना उष्माघात लवकर होतो. त्यांना उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवा किंवा घरातच खेळवा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही. लसीची तारीख आजच बघून ठेवा.

अगदी धो धो पाऊस असेल आणि तो फक्त शी-शूपुरता खाली जाऊन आला असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. बाहेरचा वास घरात आणा. येताना वाळकी पानं, एखादी काटकी, टेकडीवरचा दगड पिशवीत घालून आणा आणि वर्तमानपत्रावर मांडा. आमच्याकडचा एक म्हातारा, अधू पायांचा पॉमेरेनियन अशा पसाऱ्यापाशी वीस-वीस मिनिटं रमतो.

खेळ आणि खेळणी

सगळी खेळणी एका टोपलीत कायम समोर असतील तर आठवड्याभरात त्यांचं फर्निचर होतं. तीन बाहेर ठेवा, बाकीची कपाटात, दर चार दिवसांनी अदलाबदल करा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू तो डोळ्यांनी सहज शोधू शकत नाही, त्यात त्याचा मठ्ठपणा नसतो.

लेझरचा ठिपका मात्र आणू नका, आणला असेल तर आजच बंद करा. तो कधीच पकडता येत नाही. ठिपका गेल्यावरही काही कुत्री भिंतीवरच्या उजेडामागे, सावल्यांमागे तासन् तास धावत राहतात आणि ही सवय सोडवणं फार जड जातं.

लपाछपी खेळा. एकाने त्याला धरावं, दुसऱ्याने दारामागे लपून एकदाच हाक मारावी, सापडल्यावर भरपूर कौतुक. मुलं घरी असतील तर पावसाळ्यातली दुपार यात मजेत जाते. खेळण्यांची नावंही शिकवता येतात. अमेरिकेतले निवृत्त मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी 'चेसर' नावाच्या त्यांच्या बॉर्डर कॉलीला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावं शिकवली. आपल्याला तीन पुरेत : चेंडू, माकड, दोरी. पाच मिनिटं शिकवा आणि तो आनंदात असतानाच थांबा.

जातीचा स्वभाव बघा. बीगल नाकाने जगतो. कारवानी किंवा मुधोळ हाऊंड नजरेने शिकार करणारे, त्यांना आठवड्यातून एक-दोनदा बंदिस्त मोकळ्या जागेत सुसाट धावायला मिळायलाच हवं. आपल्या गावठी कुत्र्याला पहारा आवडतो, त्याला खिडकीशी एक बैठक करून द्या. पण खिडकीतून प्रत्येक स्कूटरवर भुंकायला लागला तर खालच्या अर्ध्या काचेला कागद लावा.

तो एकटा असतो तेव्हा

मोठा कुत्रा दिवसात बारा ते चौदा तास झोपतो. तुम्ही ऑफिसला गेल्यावर तो झोपला असेल तर अपराधी वाटायचं कारण नाही. निघण्याआधी दहा मिनिटं हुंगण्याचं काम, निघताना गोठवलेलं खेळणं, आणि दुपारी कोणीतरी येऊन जाणं, एवढ्यावर बहुतेकांचा दिवस नीट जातो.

पण कंटाळा आणि एकटेपणाची भीती यांत गल्लत करू नका. जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा आधी झोपतो, मग उठून काहीतरी कुरतडतो, पुन्हा झोपतो. घाबरलेला कुत्रा दार लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच रडायला लागतो, दाराची चौकट खरवडतो, लाळ गाळतो, आणि समोरच्या आवडीच्या खाऊला तोंडही लावत नाही. अशा कुत्र्याला या पत्रकातल्या खेळांनी बरं वाटणार नाही. त्याला एकटं राहायला मिनिटा-मिनिटाने शिकवावं लागतं, कधी डॉक्टरांच्या औषधाचीही जोड लागते. घरी आल्यावर त्याला रागावू नका. फाडलेल्या उशीशी तुमच्या रागाचा संबंध त्याला जोडता येत नाही.

एकाएकी स्वभाव बदलला, पंजे सतत चाटतोय, शेपटीमागचं फिरणं थांबवता येत नाही, म्हातारा कुत्रा रात्री घरभर हिंडतोय, तर आधी डॉक्टर. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते, गोचीड-ताप येतो, सांधे दुखतात. दुखणाऱ्या कुत्र्याला कंटाळलेला समजून खेळायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे.

खाऊ म्हणून हे कधीच नको

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण. भाजी-आमटीत कांदा-लसूण असतोच, म्हणून ताटातलं उरलेलं कालवून देऊ नका. पीनट बटर घेताना मागची यादी वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) असेल तर तो डबा कुत्र्याच्या घरात ठेवूच नका. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात. आंब्याची कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस आतड्यात अडकतं आणि ऑपरेशन करावं लागतं. पावसाळ्यात रस्त्यावर खाऊन फेकलेली कणसं जागोजागी पडलेली असतात, वॉकला खाली लक्ष ठेवा. त्याऐवजी गाजर, काकडी, उकडलेलं रताळं, उकडलेलं अंडं, भाकरीचे चार तुकडे.

आमच्याकडे पहिल्यांदा सोडायला येताना त्याचा न धुतलेला जुना टॉवेल किंवा चादर आणा, घरचा वास जवळ असला की पहिली रात्र सोपी जाते. दिवसाचं खाणं मोजून वेगळ्या डब्यांत द्या, कारण आमच्याकडे वाटी नसते. आणि तो कशाला घाबरतो, ते लाजू नका, सगळं सांगा : फटाके, मिक्सर, छत्री, काठी घेतलेला माणूस, काहीही.