कॉइलओव्हर रूपांतर

मोटारगाडीच्या मूळ स्ट्रटला (चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधला, स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) वेल्डिंगने कायमची जोडलेली स्प्रिंगची वाटी काढून तिच्या जागी बाहेरून आटे पाडलेली नळी आणि त्या आट्यांवर वर-खाली फिरणारी चाकी बसवणे, जेणेकरून गाडीची जमिनीपासूनची उंची कमी-जास्त करता येईल, या कामाला कॉइलओव्हर रूपांतर म्हणतात. हौशी मंडळी ते घरच्या गॅरेजमध्ये करतात. डॅटसन 240झेड हे याचे ठळक उदाहरण होय. 1969 साली आलेल्या या जपानी स्पोर्ट्स कारला चारही चाकांना स्ट्रट आहेत. पुढच्या स्ट्रटची नळी चाकाच्या आसाशी आणि मागच्याची हबच्या घराशी एकजीव असल्याने स्ट्रट सुटा काढून दुसरा लावता येत नाही. मूळ नळीवरच काम करावे लागते.

सर्वांत धोक्याची पायरी सुरुवातीलाच येते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद साठलेली असते. म्हणून स्प्रिंग शिकंज्यांनी दोन्ही बाजूंनी सारखी आवळून वरच्या बैठकीवरचा ताण पूर्ण गेल्यावरच मधला नट सोडायचा असतो. त्यानंतर आतले शॉकॲब्सॉर्बरचे कार्ट्रिज (नळीत बसणारा सुटा नळकांडीसारखा भाग) आणि तेल काढून नळी कोरडी पुसतात, कारण तेल राहिलेली नळी तापवली तर भडका उडतो. वाटी कापताना ग्राइंडर वेल्डच्या कडेवरच चालवावा लागतो. कड पातळ झाली की छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी वाटी सुटते, आणि नळीची भिंत खरवडली जात नाही. मग नळीभोवती एक कडे वेल्ड करून त्यावर आट्यांची नळी टेकवतात आणि साधारण 63.5 मिमी आतल्या व्यासाची सरळ स्प्रिंग चढवतात. रुंद वाटी गेल्यामुळे टायरला जागा मिळते, हा या कामाचा मोठा फायदा.

मात्र चाकी खाली फिरवली की उंची कमी होते, तसेच खड्ड्यात चाक वर उचलले जाण्यासाठी उरलेले अंतरही तेवढेच घटते. 50 मिमी खाली आणलेली गाडी त्यामुळे वारंवार चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आपटते. यावर खरा उपाय म्हणजे नळीचा तुकडा कापून ती आखूड करणे आणि आत तितकेच आखूड कार्ट्रिज घालणे. दोन्ही तुकडे लोखंडी अँगलच्या खाचेत सरळ रेषेत धरून जोडतात. वेल्ड आत उतरून कार्ट्रिजला अडत नाही, हे ते घालूनच पाहावे लागते. या जोडावर चाकाचा भार येत असल्याने तो कुशल वेल्डरकडूनच करून घ्यावा. गाडी जॅकवर उचलल्यावर स्प्रिंग सैल पडून बैठकीवरून सरकू नये, यासाठी कधी एक पातळ मदतनीस स्प्रिंगही लावतात.

उंची बदलली की चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा (दांड्याचा) कोन बदलतो, आणि खड्ड्यात स्टिअरिंग न वळवताही चाके किंचित वळू लागतात. हे टाळण्यासाठी 240झेडमध्ये स्ट्रटचे बूड आणि स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये जाड चकती घालतात, आणि व्हील अलाइनमेंट नव्याने करतात. उंची मोजण्यापूर्वी गाडी काही मीटर पुढे-मागे चालवणे आवश्यक असते, कारण जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचे टायर जमिनीला आडवे धरून राहतात आणि ती प्रत्यक्षापेक्षा उंच दिसते.