मिशिगनमध्ये ओडब्ल्यूआयची नोंद पुसायची असेल तर

दारू पिऊन गाडी चालवल्याची (ओडब्ल्यूआय) शिक्षा एकदा लागली की अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ती जन्मभर मागे राहायची. २०२१ साली कायदा बदलला आणि १९ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्या ओडब्ल्यूआयची नोंद कोर्टाकडून रद्द करून घेता येते. कोर्टाच्या भाषेत याला ‘सेट असाइड’ म्हणतात. तिथल्या ट्रॉय, नोवाय या शहरांकडे नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी शेवटचा व्हिसाचा भाग वगळू नये.

सवलत आयुष्यात एकदाच, आणि तीही पहिल्याच गुन्ह्यासाठी. त्या प्रकारात कुणाचा जीव गेला असेल किंवा कुणी गंभीर जखमी झालं असेल, गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असेल, किंवा व्यावसायिक परवान्यावर ट्रक-बस चालवताना पकडलं असेल, तर अर्ज चालत नाही. शिक्षा सुनावल्याची तारीख, प्रोबेशन (देखरेखीचा काळ) संपल्याची तारीख, कैद संपल्याची तारीख, यांतली जी सर्वांत शेवटची तिथून पाच वर्षं मोजायची. अनेकजण पकडल्याच्या तारखेपासून मोजतात आणि घाई करतात. दुसरा कुठलाही फौजदारी खटला चालू नसावा. काही गुन्ह्यांच्या नोंदी तिथे आता आपोआप पुसल्या जातात, पण त्यात ओडब्ल्यूआय येत नाही; अर्ज करावाच लागतो.

अर्जाचा फॉर्म एमसी २२७. ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच तो दाखल होतो. सोबत शिक्षेच्या नोंदीची प्रमाणित प्रत हवी. ती त्याच कोर्टाच्या क्लार्ककडे मिळते. पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायचे. ठशांचं कार्ड, अर्जाची प्रत आणि ५० डॉलर राज्य पोलिसांकडे जातात. आणखी एकेक प्रत अॅटर्नी जनरल आणि सरकारी वकिलाला. सही शपथेवर करायची असते, त्यामुळे कागद भरताना आठवणीवर विसंबू नका.

पोलिसांचा अहवाल आल्यावर सुनावणी. न्यायाधीश तुमची त्यानंतरची वागणूक बघतात. कोर्टाने सांगितलेले समुपदेशन, व्यसनमुक्तीचे वर्ग यांचा खरोखर उपयोग झाला का, हा प्रश्न ओडब्ल्यूआयमध्ये ठळकपणे येतो. हजेरीचे दाखले काढून ठेवा. वकील सक्तीचा नाही. अर्ज फेटाळला तर कोर्टाने आधीची तारीख दिली नसल्यास पुन्हा अर्जाला तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्धवट तयारीने जाण्यात शहाणपण नाही.

मंजुरीनंतर नोकरी देणाऱ्याच्या सार्वजनिक तपासणीत ही नोंद दिसत नाही. राज्य पोलिसांकडे लोकांना न दिसणारी बंद नोंद मात्र राहते, आणि वाहनपरवान्याच्या इतिहासातूनही ती जात नाही. विमा कंपनी तो इतिहासच बघते, तेव्हा हप्ता उतरेल या आशेवर अर्ज करू नका.

आता व्हिसा. राज्याच्या कोर्टाने पुसलेली शिक्षा अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा साधारणपणे शिक्षाच धरतो. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा शिक्षेचा प्रश्न ‘माफी मिळाली असली तरी’ अशा शब्दांत विचारलेला असतो. नागरिकत्वाच्या एन-४०० मध्येही पुसलेली प्रकरणं सांगावी लागतात. ‘रेकॉर्ड क्लीन झालं’ म्हणून तिथे ‘नाही’ लिहिलं, तर जुन्या ओडब्ल्यूआयपेक्षा खोटं उत्तरच महागात पडतं. शिवाय अधिकारी कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत मागतात, आणि नोंद बंद झाल्यावर ती मिळवणं जिकिरीचं होतं. क्लार्ककडे जाल तेव्हाच दोन प्रती जास्त घ्या आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.