मुलाची भीती, आईबाबांची तालीम

चिंतेने हैराण झालेल्या मुलाला घेऊन आईबाबा मानसोपचाराच्या ओपीडीत येतात, तेव्हा त्यांची एक अपेक्षा ठरलेली असते. डॉक्टर मुलाला आत घेतील, त्याच्याशी बोलतील, त्याच्या मनातली भीती काढतील आणि तोवर आपण बाहेर बाकावर बसून राहू. गेल्या तीसेक वर्षांतल्या संशोधनाने मात्र बाकावरच्या या दोघांकडे मोर्चा वळवला आहे. मुलाच्या भीतीवर काम करायचं तर आईबाबांच्या वागण्यावरही करावं लागतं. काही वेळा तर फक्त त्यांच्याच वागण्यावर केलं, तरी मुलाला बरं वाटतं.

हे ऐकलं की आयांचा चेहरा उतरतो. म्हणजे चूक माझीच झाली का? नाही, आणि याला पुरावा आहे. २००७ साली ४७ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं, की मुलामुलांच्या चिंतेत जो फरक असतो, त्यातला जेमतेम ४ टक्के फरक आईबाबांच्या वाढवण्याच्या पद्धतीशी जोडता येतो. उरलेल्यात अनुवंश आला, जन्मजात स्वभाव आला, आयुष्यात घडलेल्या गोष्टी आल्या. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठातल्या जेनिफर हडसन आणि रॉन रॅपी यांनी मुलांना अवघड कोडी सोडवायला बसवलं आणि शेजारी त्यांच्या आयांना. चिंताग्रस्त मुलांच्या आया जास्त मध्ये पडत होत्या. मग हडसन यांनी पुढच्या एका प्रयोगात आयांना दुसऱ्यांच्या मुलांसोबत बसवलं. तेव्हा कळलं, की समोर चिंताग्रस्त मूल असलं की आया जास्त मदत करतात, मग ते मूल स्वतःचं असो वा परक्याचं. घाबरलेल्या लेकराकडे मोठ्यांचा हात आपसूक जातो. ती माया आहे. आजाराचं कारण तिच्यात शोधू नये, पण उपचाराची वाट तिच्यातून जाते.

कशी, ते एका घरात पाहू. घर काल्पनिक आहे, पण असं घर गोव्यात माशेलात असेल, डिचोलीत असेल, पेडण्यातही असेल. मुलगी नऊ वर्षांची. आई नोकरीला पणजीला, रोज बसने ये-जा. मुलीच्या मनाने घेतलंय, की आईला वाटेत काहीतरी होणार. सकाळी पोटात कळ येते. ही कळ खोटी नसते. मेंदूतल्या अमिग्डालाने धोक्याची घंटा दिली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, पचनाची लय बिघडते. ‘नाटकं करू नकोस’ असं तिला म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. संध्याकाळी फोन सुरू होतात. आई, निघालीस? आई, बस मिळाली? पावसात बस रखडली की आजीच नातीच्या वतीने फोन लावते. बाबा कामावरून लवकर येऊ लागतात. आई ऑफिसातली जास्तीची कामं नाकारते. चवथीला मामाच्या घरी राहणं बंद होतं. रात्री मुलीला आईच्या कुशीशिवाय झोप येत नाही.

संशोधक याला ‘फॅमिली अकोमोडेशन’ म्हणतात. भीती एकाची, आणि तिच्याभोवती अख्ख्या घराने आपला दिनक्रम वळवून घेतलेला. चिंतेचा विकार असलेल्या मुलांच्या बहुतेक सगळ्या घरांत हे आढळतं. प्रत्येक फोनला आई उत्तर देते, मुलीला हायसं वाटतं, आईलाही वाटतं. गोम नेमकी इथे आहे. मेंदू या सुटकेतून शिकतो. ‘फोन केला म्हणून भीती उतरली’ हा धडा रोज गिरवला जातो. ‘फोन केला नसता तरी ती थोड्या वेळाने उतरली असती’ हा दुसरा धडा शिकायची संधीच मुलीला मिळत नाही. फोन वाढत जातात आणि भीती तिथेच राहते.

मुलांच्या चिंतेवर सर्वांत जास्त पारखलेला बोलका उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजेच विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. अमेरिकेत फिलिप केंडल यांनी १९९४ साली ९ ते १३ वयाच्या ४७ मुलांवर त्याची पहिली यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे गट पाडून केलेली तुलना) प्रसिद्ध केली. या उपचारात मूल भीतीची शिडी बनवतं आणि सोप्या पायरीपासून एकेक पायरी चढतं. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘काही झालं नाही, मला जमलं’ अशी नवी आठवण तयार होते आणि सरावाने ती वरचढ ठरते. औषधांचाही उपयोग होतो. २००८ साली ४८८ मुलांच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत सीबीटी आणि सर्ट्रालिन हे औषध एकत्र दिलेल्या गटातल्या सुमारे ८१ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली. नुसत्या सीबीटीने ती सुमारे ६० टक्के मुलांत दिसली.

आता आईबाबांकडे येऊ. ऑस्ट्रेलियात पॉला बॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ७९ मुलांवरचा अभ्यास छापला. काही मुलांना फक्त सीबीटी दिली, काहींच्या उपचारात कुटुंबालाही शिकवलं. वर्षभरानंतर पहिल्या गटातली सुमारे ७० टक्के मुलं विकारमुक्त होती, दुसऱ्या गटातली सुमारे ९६ टक्के. आकडा भुरळ घालणारा आहे, पण सहा वर्षांनी याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही गट सारखेच चांगले होते. नंतरच्या अनेक अभ्यासांतही आईबाबांना नुसतं आत बसवल्याने फारसा फरक पडलेला नाही. फरक पडतो तो त्यांना ठोस काम दिल्यावर. धाडसाचं कौतुक कसं करायचं, टाळाटाळीला खतपाणी कसं घालायचं नाही आणि थेरपिस्टने हातात धरलेली दोरी हळूहळू आईबाबांकडे आणि शेवटी मुलाकडे कशी सोपवायची, हे शिकवलेल्या कुटुंबांत उपचार संपल्यावरच्या वर्षातही मुलं सुधारत राहिली.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ आणखी पुढे गेले. त्यांच्या ‘स्पेस’ नावाच्या पद्धतीत थेरपिस्ट मुलाला भेटतच नाही. बारा आठवडे फक्त आईबाबा येतात. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवरच्या चाचणीत हा उपचार थेट मुलांना दिलेल्या सीबीटीच्या तोडीस तोड ठरला. जी मुलं थेरपिस्टसमोर तोंडच उघडत नाहीत किंवा दवाखान्यात यायलाच तयार नसतात, त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

या पद्धतीचं मर्म मला मनापासून पटतं. मुलाने बदलावं अशी अट इथे नाही, आईबाबा फक्त स्वतःचं वागणं बदलतात. माशेलच्या त्या घरात आई एक शांत वेळ निवडून मुलीला सांगेल: “बाय, मी घरी नसले की तुला खूप भीती वाटते, पोटातही दुखतं, हे मला ठाऊक आहे. आणि ती भीती तुला सोसेल, हेही मला ठाऊक आहे.” ही दोन्ही वाक्यं लागतात. पहिलं नसेल तर मुलीला वाटेल, आईला काही कळतच नाही. दुसरं नसेल तर वाटेल, खरंच काहीतरी भयंकर आहे. मग बेत सांगायचा: सोमवारपासून शाळेतून आल्यावर एक फोन, तो मी घेईन. त्यानंतरचे घेणार नाही, घरी आले की बोलू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. झोपेचा प्रश्न पुढच्या महिन्यात.

पहिले काही दिवस कठीण जातात. रडणं वाढतं, फोन वाढतात, कधी आदळआपट होते. हे अपेक्षितच असतं. याच दिवसांत आजीचा जीव कासावीस होतो आणि ती म्हणते, “किती रडवता पोरीला, लाव गं तू माझ्या फोनवरून.” एकदा असं झालं की जास्त रडलं तर फोन मिळतो, एवढंच मुलगी शिकते. आपल्याकडच्या घरांत म्हणूनच आजीआजोबांना पहिल्या दिवसापासून बेतात घ्यायला हवं. आजीने नातीची दृष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं, तर बिघडत नाही. तिच्या मायेलाही काम हवं असतं. तिला सांगावं, की फोन लावायचा नाही, पण जवळ बसून गोष्ट सांगायची. आणि याचा अर्थ मुलीला अंधाऱ्या खोलीत कोंडून धीट करणं असा कोणी घेऊ नये. दरडावणं, टोमणे मारणं, चारचौघांत ‘भित्री’ म्हणणं याने भीती वाढतेच.

गोव्यात कांदोळीच्या आबे फारियाची एक गोष्ट सांगतात. पोर्तुगालमध्ये राणीसमोर प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. खाली बसलेला बाप कोकणीत पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ म्हणजे समोरचे सगळे भाजीच समज, चीर रे भाजी. मुलाची जीभ मोकळी झाली. पुढे हाच फारिया संमोहनाचा अभ्यासक झाला, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. कथा कितपत खरी कोण जाणे, पण त्यातल्या बापाचं वागणं नेमकं आहे. त्याने मुलाला खाली उतरवलं नाही आणि त्याच्या जागी स्वतः प्रवचनही दिलं नाही.

आईबाबा स्वतः चिंतेने ग्रासलेले असतील तर त्यांनी आपलाही उपचार करून घ्यावा. गोल्डा गिन्सबर्ग यांच्या २०१५ च्या अभ्यासात चिंताग्रस्त पालकांच्या १३६ कुटुंबांपैकी काहींना आठ सत्रांचं कौटुंबिक प्रशिक्षण दिलं. वर्षभरात त्यांच्या ५ टक्के मुलांना चिंतेचा विकार जडला. ज्यांना फक्त माहितीपत्रक मिळालं, त्यांच्या ३१ टक्के मुलांना.

पोटदुखी, शाळा चुकवणं, झोप न येणं हे काही आठवडे टिकून राहिलं आणि मुलाचं रोजचं जगणं अडू लागलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक कारण नाही ना, हे पाहून घ्यावं. मग बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाता येतं. ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून गोव्यात मुलांच्या आणि मोठ्यांच्या मानसिक आरोग्यावर काम करते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो. पहिल्या भेटीला जाण्याआधी आठवडाभर एक यादी करा: मुलाच्या भीतीमुळे घरात कोणी काय केलं, काय टाळलं, किती वेळा. आजीने लावलेले फोनही त्यात लिहा.