‘सर्वात’ परोपकारी माणसाचे मानसशास्त्र

एक माणूस आजारी मित्रासाठी रुग्णालयात रात्रभर जागतो. सकाळ झाली की मित्राला कसे वाटते हे विचारण्याआधी तो एकामागून एक फोन लावतो आणि प्रत्येकाला तेच ऐकवतो, ‘मी होतो म्हणून निभावलं.’ पुढे मित्र आभार मानायला विसरला, तर त्याचा संताप महिनोन्‌महिने धुमसत राहतो. त्याचे जागरण खरे असते, मित्राला आधारही खरोखरच मिळालेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या वागण्यात नेमके काय खटकते हे सांगणे अवघड जाते.

नार्सिसिझम, म्हणजे आत्मरती, म्हटले की आपल्यासमोर सत्ता, बुद्धी किंवा रूप मिरवणारा बढाईखोर माणूस उभा राहतो. (काही जण यासाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द वापरतात, पण तो ऑटिझमसाठी रूढ असल्याने येथे टाळलेलाच बरा.) रॅस्किन आणि हॉल या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेली प्रश्नावली प्रामुख्याने असाच माणूस हुडकते. परंतु योखेन गेबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवून दिले की मोठेपणाची, मानाची, विशेष हक्काची आणि सत्तेची हीच भूक काही माणसे चांगुलपणाच्या मार्गाने भागवतात. त्यांच्या प्रश्नावलीतील एका विधानाचा आशय असा, की माझ्या ओळखीत सर्वात मदतशील व्यक्ती मीच आहे. यातला कळीचा शब्द ‘मदतशील’ नसून ‘सर्वात’ आहे. मदत केल्यावर मनाला बरे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात कोणताही विकार नाही. येथे मात्र मदतीची इतरांशी तुलना सुरू होते.

आता मला सर्वाधिक भावलेली युक्ती सांगतो. स्वतःविषयीचा फुगवटा मोजायचा कसा, कारण ‘मी फार जाणकार आहे’ असे म्हणणारा खरोखरच जाणकार असू शकतो? डेल्रॉय पॉलहस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 150 नावे व संकल्पना दिलेल्या असतात आणि प्रत्येकीशी आपला किती परिचय आहे एवढेच विचारले जाते. पण त्यांतील 30 गोष्टी अस्तित्वातच नसतात. समजा, दोघांनी 120 खऱ्यांपैकी प्रत्येकी 90 ओळखल्या, म्हणजे 75 टक्के. पहिल्याने बनावट 30 पैकी 3 ‘ओळखल्या’, दुसऱ्याने 18. म्हणजे अनुक्रमे 10 आणि 60 टक्के. खऱ्यांच्या टक्केवारीतून बनावटांची वजा केली की अचूकता मिळते, पहिल्याची 65 आणि दुसऱ्याची 15. खऱ्यांच्या आणि बनावटांच्या टक्केवारीची सरासरी काढली की ‘हो, ठाऊक आहे’ म्हणण्याकडचा कल मिळतो, पहिल्याचा 42.5 आणि दुसऱ्याचा 67.5. अशा रीतीने ज्ञान आणि ज्ञानाचा दावा एकाच उत्तरपत्रिकेतून वेगळे काढता येतात. गेबाउअर यांच्या गटाने हीच युक्ती सेवाभावी कार्यासारख्या विषयांकडे वळवली, तेव्हा परोपकारी वाटेने जाणाऱ्या आत्मरतांनी तेथेही नसलेले ज्ञान असल्याचे सांगितले.

याच संशोधनात आणखी एक गोष्ट समोर आली. ही माणसे स्वतःला अतिशय प्रेमळ आणि सहकार्यशील समजत होती, पण इतरांना ती तशी वाटत नव्हती. पुढे 2019 मध्ये नेहर्लिख आणि सहकाऱ्यांनी अशा माणसांची प्रत्यक्ष कृती तपासली, तेव्हा स्वतःविषयीच्या उदार मतात आणि मोजता येणाऱ्या मदतीत मेळ आढळला नाही.

समाजमाध्यमांवर मात्र ‘नार्सिसिस्ट ओळखण्याच्या खुणा’ वाचून नातेवाइकांवर शिक्के मारण्याचे पेव फुटले आहे, आणि मला ते धोकादायक वाटते. आत्मरती हा व्यक्तिमत्त्वाचा गुणविशेष आहे, तो कमीअधिक प्रमाणात कोणातही असतो, आणि आत्मरतीच्या व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान प्रशिक्षित तज्ज्ञच करू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ वापरत असलेल्या निकषांनुसार त्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणे दीर्घकाळ आणि निरनिराळ्या प्रसंगी दिसावी लागतात. रुग्णालयातल्या एका रात्रीवरून तसे ठरवता येत नाही.