बाराचा सूर्य, तीनचं ऊन

मे संपत आला, नवतपा लागला, की नागपुरात सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा वाजून दहाएक मिनिटं झालेली असतात. पारा मात्र त्या वेळी शिगेला पोचलेला नसतो. तो पोचतो तीनच्या आसपास. बाहेरगावचा पाहुणा ‘भर बाराला निघू नका’ हा सल्ला मानून अडीचला निघतो आणि सपशेल फसतो.

सूर्याचा ताप दिवसभरात सावकाश चढतो, सावकाश उतरतो. जमीन आणि हवा त्याच्या मागोमाग चढतात-उतरतात, पण उशिरा, आणि थोड्या बोथटपणे. भिंत जितकी जाड तितका हा उशीर मोठा आणि आतला चढउतार लहान. मातीच्या घरात राहिलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. चोवीस तासांचं चक्र ३६० अंशांचं धरलं, तर तीन तासांचा उशीर म्हणजे ४५ अंश. एवढ्यावरून ‘ही जमीन ताप किती वेळ धरून ठेवते’ याचा ढोबळ आकडाही काढता येतो: चोवीस भागिले दोन पाय, म्हणजे पावणेचार तासांच्या थोडं वर. हवामान खात्यातल्या माणसाला हा हिशेब दाखवू नये, पण रीत खरी आहे. कुणीही सूर्य विझवून जमीन किती वेळात थंड होते ते पाहत बसलं नाही. चढउतार कितीने मागे पडला, एवढंच पाहिलं.

सूर्याच्या जागी ठेक्यात चढत-उतरत राहणारा दिवा आणि जमिनीच्या जागी चिमूटभर फॉस्फर, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारी पावडर ठेवा. ल्युमिनेसन्सचा, म्हणजे त्या चमकीचा, लाइफटाइम मॉड्युलेटेड (असा चढत्या-उतरत्या) प्रकाशाने मोजतात तो असा.

पदार्थावर प्रकाश पडला की काही पदार्थ ती ऊर्जा घेतात, क्षणभर धरतात आणि दुसऱ्या रंगात सोडून देतात. तो ‘क्षणभर’ म्हणजे लाइफटाइम. मराठीत आयुःकाल म्हणू. दिवा बंद केल्यावर चमक मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, ही त्याची साधी व्याख्या. रूबीच्या लाल चमकीचा आयुःकाल साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास, तर फ्लुओरेसीन या पिवळ्या-हिरव्या रंगद्रव्याचा अवघा चार नॅनोसेकंद. दोघांत जवळजवळ नऊ लाखपटीचा फरक. एकाच फूटपट्टीने दोन्ही मोजायचे तर फूटपट्टी तशीच पाहिजे.

जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनाइनच्या द्रावणातली निळी झाक अभ्यासली आणि तिला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिलं. दिवा बंद होताच ती चमकही जाते, एवढं त्यांना दिसत होतं. ‘होताच’ म्हणजे नेमकं किती वेळात, हा प्रश्न पॅरिसच्या एडमंड बेकरेल यांनी हाती घेतला. १८५८च्या सुमारास त्यांनी फॉस्फोरोस्कोप बनवला. दोन फिरत्या चकत्या, दोघींना खिडक्या, पण एकीच्या खिडक्या दुसरीच्या खिडक्यांसमोर न येणाऱ्या. मधे नमुना. एका बाजूने प्रकाश पडतो तेव्हा बघणाऱ्याची खिडकी बंद, आणि बघणाऱ्याची उघडते तेव्हा प्रकाश बंद. हँडल गरगर फिरवत राहिलं की उरलेली चमक डोळ्याला दिसते. वेग वाढवत नेला की सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत पोचता येई. बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांची चमक विशेष आवडे. तसलेच क्षार हाताळताना त्यांचे पुत्र आंरी यांच्या हाती १८९६ साली किरणोत्सर्ग लागला, पण ती गोष्ट वेगळ्या रस्त्याची.

चकतीची मजल मात्र तिथेच संपली. कितीही गरगर फिरवली तरी नॅनोसेकंदाची उघडझाप धातूच्या तुकड्याला जमणारी नव्हती. न हलणारं दार हवं होतं, आणि ते जॉन केर यांनी १८७५ मधेच दाखवून ठेवलं होतं: काही पदार्थांवर विजेचा दाब दिला की त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, बदलतं. नायट्रोबेंझीनची कुपी दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांमधे (एकाच दिशेचं कंपन जाऊ देणाऱ्या गाळण्यांमधे) ठेवा, दाब द्या, दार उघडतं, काढा, मिटतं. विजेचा दाब सेकंदाला लाखो वेळा पालटता येतो, आणि दारही तितक्याच वेळा हलतं.

तरीही बराच काळ प्रयत्न त्याच दिशेने चालले होते: चमक विझताना बघायची. १९२३ साली नागपूर विद्यापीठ सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२६ मधे, बर्लिनमधल्या एनरिके गाविओला या अर्जेंटिनाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने दिशाच बदलली. त्यांच्या फ्लुओरोमीटरमधे प्रकाश उघडझाप करत राहतो आणि नमुन्याची चमकही त्याच ठेक्यावर चढते-उतरते, फक्त जरा मागून. कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागे अर्धी मात्रा पडला तर श्रोत्याला ते कळतं; त्याला वेगळ्याने थांबायला सांगावं लागत नाही. गाविओला यांच्या यंत्रात श्रोता म्हणजे माणसाचा डोळाच होता. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे चार नॅनोसेकंदांचा उशीर हा सव्वा मीटरभर रस्त्याच्या बरोबरीचा. एवढं अंतर टेबलावर मांडता येतं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते: सेकंदाचा अब्जावा भाग, आणि तो मोजायला घड्याळ नाहीच.

त्याचं नेटकं गणित दुशिन्स्की यांनी १९३३ साली मांडलं. उशिराच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे दोन पाय गुणिले वारंवारता गुणिले आयुःकाल. चढउतार किती बोथट झाला याचंही तसंच एक सूत्र आहे. त्यामुळे एकाच मोजणीत दोन साक्षीदार मिळतात: उशीर आणि बोथटपणा. मोजणी सर्वांत सोयीची असते ४५ अंशांच्या आसपास. त्यासाठी फ्लुओरेसीनला ४० मेगाहर्ट्झ लागतात, रूबीला फक्त ४५ हर्ट्झ. हे ४५ हर्ट्झ घरच्या विजेच्या ५० हर्ट्झला अगदी खेटून आहेत, म्हणून रूबीचा प्रयोग करणाऱ्याने आधी खोलीतली चोकवाली ट्यूबलाइट बंद करावी आणि मग काय ते करावं.

केर-कुपीला हजारो व्होल्ट लागत आणि नायट्रोबेंझीन विषारी. १९३२ साली अमेरिकेत डिबाय आणि सिअर्स यांनी, आणि त्याच वर्षी फ्रान्समधे ल्यूका आणि बिकार यांनी, दुसरी वाट दाखवली. द्रवात अल्ट्रासाउंड सोडलं की त्या लहरी जाळीसारखं काम करतात आणि प्रकाश बाजूला वळवतात. लहरी स्थिर ठेवल्या तर ही जाळी प्रत्येक आवर्तनात दोनदा उमटते, दोनदा पुसली जाते. सरळ जाणारा किरण तेवढ्या वेळा मंद-प्रखर होतो. या परिणामाचं भक्कम स्पष्टीकरण दिलं ते चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी, १९३५-३६ मधे, बंगळुरात. रामन-नाथ सिद्धान्त म्हणून तो आजही शिकवतात. हेच रामन १९१०-११ मधे वित्त खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. मुक्काम फार लांबला नाही, नंतर कलकत्त्याला बदली झाली. त्या मुक्कामाचा आणि या सिद्धान्ताचा संबंध लावणं ओढूनताणून होईल, हे मला कळतं. पण नागपूरकर म्हणून उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे डोळ्याच्या जागी फोटोमल्टिप्लायर आला, म्हणजे अगदी मंद प्रकाशाचाही विजेचा सिग्नल करणारी नळी. उरली अडचण होती इलेक्ट्रॉनिक्सची: दहा-वीस मेगाहर्ट्झच्या दोन सिग्नलांमधला अंशभराचा कोन विश्वासाने मोजायचा कसा? ती गाठ १९६९ मधे इलिनॉय विद्यापीठात सुटली. सोडवणारे रिचर्ड स्पेन्सर आणि ग्रेगोरिओ वेबर. वेबरही अर्जेंटिनाचेच, ब्वेनोस आयरेसला जन्मलेले. त्या देशाने या एका विषयाला दोन माणसं द्यावीत, हा योगायोग गंमतीचा आहे. त्यांच्या यंत्रात अल्ट्रासाउंडच्या जाळीसाठी पाणी आणि अल्कोहोलाच्या मिश्रणाची टाकी होती. पाण्यात तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो, अल्कोहोलात घटतो; प्रमाण नेमकं जुळलं की दोन्ही एकमेकांना मारतात आणि टाकी दिवसभर सुरात राहते. प्रकाश १४.२ आणि २८.४ मेगाहर्ट्झला हलत होता.

खरी युक्ती पुढे होती. फोटोमल्टिप्लायरची संवेदनशीलताही त्यांनी तितक्याच वेगाने हलवली, पण जरा वेगळ्या वारंवारतेवर, काही मोजक्या हर्ट्झच्या फरकाने. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की एक संथ हेलकावा ऐकू येतो. सूर वरचा, हेलकावा सावकाश. इथेही तसाच संथ हेलकावा निघतो, आणि मूळ सिग्नलातला कोन त्यात जसाच्या तसा उतरतो. मेगाहर्ट्झमधला उशीर साध्या, मंद सर्किटने मोजता येऊ लागला. याला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. त्यानंतरच्या फेज-फ्लुओरोमीटरांच्या (फेज म्हणजे हाच उशिराचा कोन) मोठ्या घराण्याने हीच रीत उचलली.

टाकीचा एक दोष राहिला होता: ठरलेल्या दोन-तीन सुरांवरच ती वाजायची. नमुन्यात एकच आयुःकाल असेल तर एक वारंवारता पुरते. मिश्रण असेल तर मात्र उशिरावरून काढलेला आकडा लहान येतो आणि बोथटपणावरून काढलेला मोठा. दोन साक्षीदार वेगळं बोलू लागले की समजावं, आत एकापेक्षा जास्त मंडळी आहेत. ती वेगवेगळी करायला अनेक वारंवारता हव्यात. १९८३ मधे एनरिको ग्रॅटन आणि लिमकेमन यांनी पॉकेल्स सेल, म्हणजे विजेच्या दाबावर चालणारं स्फटिकाचं दार, वापरून १ ते १६० मेगाहर्ट्झमधली हवी ती वारंवारता लावता येणारं यंत्र केलं, आणि हा अडसर दूर झाला.

दुसरा पंथही जोरात होताच: प्रकाशाचा क्षणिक झटका द्यायचा आणि एकेक फोटॉन कधी आला ते मोजत बसायचं. बोलिंजर आणि थॉमस यांनी १९६१ मधे ती पद्धत मांडली. गणिताने पाहिलं तर दोन्ही पंथ एकाच माहितीच्या दोन बाजू आहेत. नावलौकिक झटकेवाल्यांना जास्त मिळाला, असं माझं मत. स्वस्ताई मात्र फेजवाल्यांच्या वाट्याला आली.

ती स्वस्ताई आणली एलईडीने. १९९३ मधे शुजी नाकामुरा यांची तेजस्वी निळी एलईडी आली आणि केर-कुपी, टाकी, पॉकेल्स सेल ही सगळी मॉड्युलेटरची वरात मायक्रोसेकंदांच्या कामातून गळूनच पडली. एलईडीचा करंट वरखाली केला की प्रकाश वरखाली होतो, संपलं. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फर आणि थर्मोल्युमिनेसन्सवर कित्येक दशकं काम चालत आलं आहे. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमधली पिवळी पावडर हीही त्याच जातीची: सेरियम घातलेलं यॅग नावाचं स्फटिक, आयुःकाल साठ-सत्तर नॅनोसेकंद. अडीच मेगाहर्ट्झच्या आसपास तीही ४५ अंशांनी मागे पडते, म्हणूनच दिव्यातून डेटा पाठवणाऱ्यांना ती डोकेदुखी वाटते.

याच स्वस्ताईचा दुसरा उपयोग पाण्यात आहे. नागपुरात १९५८ पासून आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी पर्यावरण-संशोधन संस्था आहे, त्यामुळे ‘डीओ’ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हा शब्द इथे कित्येकांच्या तोंडी असतो. तो मोजायची जुनी पद्धत विंकलर यांची, १८८८ची: बाटली, रसायनं, ब्युरेट. नव्या प्रोबच्या टोकाला रुथेनियम किंवा प्लॅटिनमच्या रंगद्रव्याची पातळ टोपी असते. ऑक्सिजनचा रेणू त्या रंगद्रव्याला भेटला की त्याची ऊर्जा चमकण्याआधीच हिरावून घेतो, आणि आयुःकाल घटतो. ऑक्सिजन वाढला की उशिराचा कोन लहान. याचं सूत्र स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मधेच लिहून ठेवलं होतं. चमक किती तेजस्वी आहे यावर भरवसा ठेवला असता, तर टोपी उन्हाने फिकी पडल्यावर किंवा तिच्यावर शेवाळ चढल्यावर प्रोब खोटं बोलला असता. कोन तेजस्वितेवर अवलंबून नसतो. इथल्या फुटाळा तलावाच्या गढूळ पाण्यात उतरवायच्या यंत्राला ही मोठीच सवलत.

आता माझी फजिती. एम.एस्सी.नंतर मी युरोपियमची निळी पावडर घेऊन बसलो होतो. अतिनील एलईडी, फिल्टर, फोटोडायोड, ऑसिलोस्कोप. एक किलोहर्ट्झला उशीर आला ३२ अंश, म्हणजे आयुःकाल १०० मायक्रोसेकंद. या जातीच्या युरोपियमचा आयुःकाल एक मायक्रोसेकंदाच्या आसपास असायला हवा. मी मात्र नवीन काही सापडलं म्हणून वहीत दोनदा अधोरेखित केलं. बाजूच्या टेबलावरचा सिनियर वही बघून म्हणाला, “कागद ठेवून पाह्यला का बे?”

पावडर काढली, फिल्टर काढला, पांढरा कागद ठेवला. कागद नुसता प्रकाश परतवतो. त्यातली नीळ चमकली तरी नॅनोसेकंदांत. उशीर शून्य यायला हवा. आला ३२ अंश. ऑसिलोस्कोपचा एक मेगोहम रोध आणि मीटरभर केबलची शंभर पिकोफॅरड धारिता यांचा गुणाकार बरोबर १०० मायक्रोसेकंद होतो. मी केबल मोजत होतो. मग एक किलोहमचा रेझिस्टर लावला, सिग्नल हजारपट घटला, लॉक-इन (गोंगाटातून क्षीण सिग्नल वेचणारं यंत्र) मागून आणावं लागलं, आणि १०० किलोहर्ट्झवर कागदाचे साडेतीन अंश वजा करून पावडरचे पुन्हा ३२ अंश आले. या वेळी ते एक मायक्रोसेकंदाचे होते.

वहीतलं ते पान अजून आहे. नमुना या रकान्यात ‘कागद, झेरॉक्सचा’, आणि पुढे आयुःकाल १०० मायक्रोसेकंद, सिनियरच्या अक्षरात.