ऑक्टोबरात जन्मलेला सेंटर बॅक

रॅग्नार क्लावान हे नाव लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या फॅन्सना आठवत असेल, बाकीच्यांना बहुतेक नाही, आणि त्यात कोणाचा दोष नाही कारण सेंटर बॅकचं, म्हणजे गोलसमोर मधोमध बचाव करणाऱ्याचं, काम नीट झालं की ते दिसतच नाही, हायलाइट्समध्ये झालेले गोल येतात, न झालेले गोल कोण दाखवणार. तर हा एस्टोनियाचा डिफेंडर. जन्म 30 ऑक्टोबर 1985, गाव विलयांडी, लोकवस्ती सतरा-अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे तालुक्याचं ठिकाणसुद्धा याहून मोठं असतं. अख्ख्या एस्टोनियाची लोकसंख्या साधारण 13 लाख आणि 2011 च्या जनगणनेत नुसत्या पुणे महापालिकेची 31 लाख, यावरून अंदाज घ्या.

करिअर थोडक्यात सांगतो. गावातल्या तुलेविक क्लबपासून सुरुवात, मग राजधानी टॅलिनमधला फ्लोरा, तिथून 2004 ला लोनवर नॉर्वेच्या व्हॉलरेंगाकडे, 2005 मध्ये हॉलंडमध्ये हेराक्लेस अल्मेलो, 2009 च्या सुरुवातीला एझेड अल्कमार (त्याच सिझनला लुई व्हान गालच्या हाताखाली एझेडने डच लीग मारली), 2012 ला जर्मनीत ऑग्सबर्ग, 2016 ला लिव्हरपूल, 2018 ला इटलीत कॅग्लियारी आणि 2021 मध्ये परत मायदेशी. नॅशनल टीमकडून पहिली मॅच 2003 मध्ये, अठरा पूर्ण व्हायच्या आधी, आणि शेवटी मॅचेसचा आकडा सव्वाशेच्या पुढे. यादी वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते की उडी कुठेच नाही. लिव्हरपूलपर्यंत प्रत्येक क्लब आधीच्यापेक्षा एखादी पायरी वर आणि सगळ्यात वरची पायरी आली तेव्हा पठ्ठ्या तिशीत पोचलेला. आता सायन्सवाल्यांच्या नजरेने बघितलं तर हा माणूस बाराव्या-तेराव्या वर्षीच गळायला हवा होता. का, ते सांगतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण फुटबॉलमध्ये जास्त करून दिसते ती बारशाची तारीख. 1985 मध्ये कॅनडातल्या रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून बघितल्या तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खोऱ्याने आणि शेवटच्या महिन्यांतले मोजकेच. यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. ज्युनियर टीम वयोगटावर बनतात आणि गटाची कट-ऑफ तारीख 1 जानेवारी असेल तर जानेवारीचा मुलगा आणि डिसेंबरचा मुलगा एकाच गटात, पण दोघांत जवळपास वर्षाचं अंतर. चाळिशीत वर्षभराने काय फरक पडतो, काही नाही. दहाव्या वर्षी मात्र ते अंतर म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा आणि त्यात वयात येण्याची भर, मुलगे ऐन वाढीत असतात तेव्हा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा उंच होतात, मग ज्याची वाढ आधी सुरू झाली तो धावतो जोरात, धक्का देतो जोरात, आणि कोचला वाटतं हा टॅलेंटेड आहे. त्याला चांगली टीम मिळते, चांगला कोच मिळतो, जास्त मॅचेस मिळतात आणि तीन वर्षांनी तो खरंच चांगला झालेला असतो. दुसरा तोपर्यंत घरी.

सगळ्यात भारी पुरावा बेल्जियमचा आहे. तिथे 1997 पर्यंत फुटबॉलचं वय 1 ऑगस्टपासून मोजायचे, आंतरराष्ट्रीय नियम तसाच होता, त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबरची मुलं ज्युनियर टीम्समध्ये जास्त असायची. 1997 मध्ये कट-ऑफ 1 जानेवारीवर आली आणि पुढच्याच सिझनचे आकडे वेर्नर हेल्सन आणि सहकाऱ्यांनी तपासले तर जानेवारी ते मार्चची मुलं वर आणि ऑगस्टवाल्यांची पीछेहाट. देश तोच, कोच तेच, पोरं तीच. कॅलेंडरवरची रेघ सरकली आणि टॅलेंट पण सरकलं! नंतर 2005 मध्ये याच लोकांनी युरोपातल्या बऱ्याच देशांच्या ज्युनियर टीम्स तपासल्या, तिथेही पहिल्या तीन महिन्यांचीच गर्दी.

आता क्लावानची तारीख आठवा, 30 ऑक्टोबर. आंतरराष्ट्रीय रेघ सरकली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. जुन्या रेघेने तो गटातल्या मोठ्यांपैकी ठरला असता, नव्या रेघेने गटातलं शेंडेफळ, आणि तेही नेमकं त्या वयात जेव्हा ज्युनियर नॅशनल टीमसाठी निवडी सुरू होतात.

मग टिकला कसा? इथून पुढे माझं मत आहे, एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही हे आधीच सांगून टाकतो. मला वाटतं छोट्या देशाला पोरं गाळणं परवडतच नाही. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये एका जागेला हजार उमेदवार, त्यातले नऊशे नव्याण्णव चुकून हाकलले तरी टीम उभी राहते. एस्टोनियात विलयांडीसारख्या गावात एका वयोगटात फुटबॉल खेळणारी पोरं असून असून किती असणार, जो येईल त्याला खेळवावंच लागतं, आणि खेळत राहिला की उशिरा का होईना वाढ होतेच. याला थोडा आधारही आहे. जाँ कोते आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या प्रो खेळाडूंची जन्मगावं तपासली तेव्हा मोठ्या महानगरांपेक्षा छोट्या शहरांतून लोकसंख्येच्या मानाने जास्त खेळाडू आलेले निघाले. आणि हो, क्लावानचे वडील झिंतार हेसुद्धा एस्टोनियाच्या नॅशनल टीमकडून खेळलेले, ते घरात असणं ही काही छोटी गोष्ट नाही, ते बाजूला ठेवून नुसतं जन्ममहिन्याचं कौतुक करणं म्हणजे सोयीचं तेवढंच बघणं होईल.

आपल्याकडे या सगळ्याला अजून एक फाटा आहे. महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असणारे किती काका-मामा तुम्हाला माहीत आहेत ते मोजा, हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. जिथे कागदावरची तारीखच अंदाजपंचे तिथे वयोगट कसला पाळणार. म्हणून फिफाने सतरा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी मनगटाचा एमआरआय आणला, हाडांची टोकं जुळलीत का ते बघून वय तपासतात, 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, नवी मुंबईत आणि गोव्यातही मॅचेस झाल्या, तो याच नियमांचा. पण लक्षात घ्या, मनगट खोटं वय पकडतं, जानेवारी आणि ऑक्टोबरचा अन्याय काही पकडत नाही. त्यावर इंग्लंडमध्ये बायो-बँडिंग करून बघितलंय, म्हणजे जन्मतारखेऐवजी शरीराची वाढ किती झाली त्यावर गट पाडायचे, आणि बेल्जियमने तर उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी वेगळ्या नॅशनल टीम्सच काढल्या. मला बेल्जियमचा उपाय जास्त आवडतो, साधा आहे.

क्लावानच्या बाजूने असलेली गोष्ट म्हणजे डावा पाय. जगात साधारण बारा टक्के लोक डाव्या पायाचे असं मोठ्या एकत्रित अभ्यासांतून दिसतं. टीमला मात्र मैदानाची डावी बाजू असतेच, ती काही बारा टक्के नसते. डावीकडच्या सेंटर बॅकला बॉल मिळाला की काय होतं ते जरा जवळून बघा. गोलकीपरकडून बॉल येतो, समोरून स्ट्रायकर दाबायला धावत येतो. खेळाडू उजव्या पायाचा असेल तर तो बॉल आतल्या बाजूला, म्हणजे जिथून स्ट्रायकर येतोय त्याच बाजूला घेतो, नाहीतर अंग वळवून डाव्या विंगकडे, म्हणजे मैदानाच्या कडेला, पास काढायचा तर एक टच जास्त लागतो. डाव्या पायाचा असेल तर बॉल बाहेरच्या पायावर, रेषेच्या बाजूला राहतो, मध्ये त्याचं स्वतःचं अंग असतं आणि विंगकडचा पास सरळ सुटतो. वाचलं काय, एक टच. पण टॉप लेव्हलला दाबणारा स्ट्रायकर सेकंदाला सात-आठ मीटर पळत असतो, अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे त्याने तीन-चार मीटर खाल्ले. पायाची किंमत बाजारालाही कळते, ब्रायसन, फ्रिक आणि सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी युरोपातल्या खेळाडूंचे पगार तपासले तेव्हा दोन्ही पायांनी खेळणाऱ्यांना चांगला जादा पैसा मिळताना दिसला.

मग तिसाव्या वर्षी लिव्हरपूलला जाण्याचं काय? फुटबॉलर साधारण पंचविशी-सत्ताविशीत शिखरावर असतो असं रेटिंगच्या आकडेवारीवरून दिसतं, डिफेंडर जरा उशिरा. यामागचं कारण मला फार इंटरेस्टिंग वाटतं. डोळ्यांना दिसल्यापासून शरीर हलायला लागेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात आणि ते कितीही प्रॅक्टिस केली तरी फारसं कमी होत नाही. तेवढ्यात सुसाट सुटलेला फॉरवर्ड दीड मीटर पुढे. म्हणजे जो डिफेंडर दिसल्यावर धावतो तो हरलाच, आधीच कळायला पाहिजे. 1994 मध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी अनुभवी आणि नवख्या खेळाडूंना मॅचची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवली, बॉल कुठे जाणार ते ओळखायला सांगितलं आणि डोळे कुठे जातात ते मोजलं. नवखे बॉलकडे आणि बॉलवाल्याकडे बघत बसले, अनुभवी मात्र बॉल नसलेल्या खेळाडूंच्या हालचाली बघत होते, आणि उत्तर आधी देत होते. हे डोळ्यांचं शहाणपण वयाबरोबर वाढतं, पायांचा स्पीड घटतो तेव्हा त्याची भरपाई होते, निदान काही वर्षं तरी. त्यात सेंटर बॅकला पळावंही कमी लागतं, प्रीमियर लीगच्या (इंग्लंडची सगळ्यात वरची लीग) मोजमापात सेंटर बॅक मॅचला दहा किलोमीटरच्या आतबाहेर आणि विंगचा मिडफिल्डर साडेअकराच्या आसपास, जोरात पळण्याचा फरक तर अजून मोठा. म्हणून विंगर तिशीत कुरकुरायला लागतो तेव्हा सेंटर बॅकला चांगला क्लब मिळू शकतो.

ऑग्सबर्ग 2015 ला जर्मन लीगमध्ये पाचवी आली, पुढच्या फेब्रुवारीत युरोपा लीग या युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेत तिची गाठ लिव्हरपूलशी पडली, दोन मॅचमध्ये मिळून लिव्हरपूलला एकच गोल करता आला, तोही पेनल्टीवर. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलचा कोच युर्गन क्लॉपने क्लावानला उचललं. पहिली लीग मॅच आर्सेनलच्या मैदानावर, 4-3 ने जिंकली, डिफेंडरच्या पदार्पणाला तीन गोल खाणं म्हणजे काही शोभेची गोष्ट नाही पण जिंकले ना. मग 1 जानेवारी 2018, बर्नलीत 1-1, नव्वद मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममधला चौथा मिनिट, फ्री किकवर सहकारी लॉव्हरेनने डोक्याने बॉल पुढे केला आणि क्लावानने अगदी जवळून आत ढकलला. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा पहिला एस्टोनियन. (गंमत म्हणजे त्याआधी मार्ट पूम नावाच्या एस्टोनियन गोलकीपरने 2003 मध्ये संडरलँडसाठी हेडरने, म्हणजे डोक्याने, गोल मारला होता, पण ती खालची लीग.) त्याच दिवसापासून व्हर्जिल व्हॅन डाइक हा दुसरा सेंटर बॅक अधिकृतपणे लिव्हरपूलचा झाला आणि पुढे डावीकडची जागा कोणाची झाली ते सांगायला नको. मेमध्ये किव्हला रियल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल झाली तेव्हा क्लावान बेंचवर होता.

एका विषयाला मात्र हात लावायलाच हवा, डोकं. सेंटर बॅकचं अर्धं काम हवेतलं, बॉल 410 ते 450 ग्रॅमचा, लांबून आलेली गोल किक डोक्याने परतवायची, मॅचमध्ये आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा ट्रेनिंगमध्ये. ग्लासगोच्या विली स्ट्युअर्ट आणि त्यांच्या टीमने स्कॉटलंडच्या 7,676 माजी प्रो खेळाडूंची नोंद सामान्य लोकांशी ताडून बघितली. 2019 चा निकाल असा की फुटबॉलर हृदयविकाराने कमी मरतात, सत्तरीपर्यंत एकूणच कमी मरतात, पण मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साडेतीन पट. 2021 मध्ये जागेनुसार फोड केली तेव्हा गोलकीपरच्या बाबतीत धोका फारसा वाढलेला दिसला नाही आणि डिफेंडरच्या बाबतीत जवळपास पाच पट, शिवाय करिअर जितकं लांब तितका धोका जास्त. हेडरच कारणीभूत आहेत हे अशा अभ्यासाने थेट सिद्ध होत नाही, पण गोलकीपर आणि डिफेंडरमधला हा फरक बघून दुसरं काय डोक्यात येणार? स्कॉटलंडने 2020 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांच्या ट्रेनिंगमधून हेडर काढून टाकले आणि इंग्लंडने 2021 पासून मोठ्यांसाठी आठवड्याला जोरदार हेडर दहापर्यंतच ठेवायला सांगितलं.

ग्लासगोच्या अभ्यासातले खेळाडू 1900 ते 1976 मध्ये जन्मलेले, बरेचसे पाणी पिऊन जड होणाऱ्या चामड्याच्या बॉलने खेळलेले. क्लावानची पिढी सिंथेटिक बॉलची, तो पाणी पीत नाही पण येतो जास्त वेगाने, आणि या पिढीचा हिशोब मांडायला ती आधी साठी-सत्तरीला पोचावी लागेल, म्हणजे 2050 च्या आसपास. तोपर्यंत नियम जुन्या पिढीच्या आकड्यांवरच बनत राहणार.